मनातलं ऐकू येणारा माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल विज्ञानकथांचं जुनं पुस्तक उघडलं. त्यातल्या वाळक्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला आणि केजचं आमचं अंगण आठवलं. त्या दिवशी तिथं याच पुस्तकातली, दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येणाऱ्या माणसाची गोष्ट मी धाकट्या बहिणीला, सुमनला, वाचून दाखवत होतो. आत पाहुणे तिला बघायला आले होते.

"दादा, सांग बरं, माझ्या मनात काय हाय?"

तिला लग्न नको होतं, पुढं शिकायचं होतं. मला ते स्पष्ट कळत होतं. पण वडलांपुढं बोलायची छाती नव्हती.

"लग्नातले लाडू!" मी म्हणालो.

"लई हुशार हाय माझा दादा," म्हणत ती चहा घेऊन आत गेली.

तिचं लग्न झालं, शिक्षण तिथंच सुटलं. "तवा तुला माझ्या मनातलं कुठं ठावं होतं," असं ती अजूनही माझी बाजू घेत म्हणते. मला ठाऊक होतं, हे तिला सांगायचं राहिलंय.