पोपटी किती वेळ ठेवायची?

बाबा गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. दर माघात ते नवीन पनवेलच्या आमच्या घरामागे पोपटी लावायचे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, आणि उलट्या मडक्याभोवती जाळ. ते गेल्यापासून आई मागच्या दारी फिरकलीच नव्हती. पोपटी लावली तर येईल, अशी माझी वेडी आशा होती. पण मडकं जाळात किती वेळ ठेवायचं, हे मी बाबांना कधी विचारलंच नव्हतं.

स्टेशनजवळ नुकताच सायबर कॅफे निघाला होता. तिथे बसून, जगभरची मराठी माणसं जिथे वाद घालत अशा एका संकेतस्थळावर, मी रोमन लिपीत प्रश्न टाकला: किती मिनिटं?

चार दिवसांत एकतीस उत्तरं आली. मिनिटं एकातही नव्हती. तिथले नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळे ते निष्ठेने पाळत. विचारलेलं सांगणं कमीपणाचं. विचारणाऱ्याचं काय चुकलं, ते सांगायचं. एकाने पोपटी पनवेलची नव्हेच, अलिबागची, असं बजावलं. दुसऱ्याने तीत कोंबडी घालणाऱ्यांचा निषेध केला. मी कोंबडीचं नावही काढलं नव्हतं. पुण्याच्या एका गृहस्थांनी हुरड्यापुढे हे काहीच नाही, असं नम्रपणे कळवलं. ‘यापुढे मी इथे लिहिणार नाही’ असं जाहीर करणारा तासाभरात परत यायचाच. मीही काही कमी नव्हतो. अलिबागवाल्याला तीन लांबलचक उत्तरं लिहिली, आणि पोपटीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे साफ विसरलो.

शेवटी रविवारी अंदाजानेच जाळ केला. आई खरंच आली, खुर्ची ओढून बसली. मला धीर धरवेना. मडकं काढून शेंगा वर्तमानपत्रावर ओतल्या, एक दाणा चावला. आत कच्चा. मला रडूच यायला लागलं.

आई शेंग सोलून शांतपणे चावत होती.

“कच्ची राहिली गं,” मी म्हणालो.

“ह्यांचीही राहायची,” ती म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं. मी कधी बोलले नाही.”

आणि तिने दुसरी शेंग उचलली.