चंद्रावतीचं न जुळणारं रक्त

जिते गावात चंद्रावतीशी हुज्जत घालायची कुणाची छाती नाही. मिठागरात राबलेली बाई, तोंडाने खमकी. पण पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला पार चक्रावून टाकलं. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन लांबवता येत नव्हतं, अंगात रक्त उरलं नव्हतं आणि बाहेरचं एकही जुळत नव्हतं.

"ओ पॉझिटिव्हच ना माझा? अर्ध्या गावाचा तोच हाय!"

"गट तोच. पण लाल पेशींवर एक प्रथिन असतं. मुंबईच्या लॅबने शोधून काढलं, तुमचं इतरांपेक्षा जरा वेगळं आहे. बाळंतपणात पोराचं रक्त तुमच्यात मिसळलं, तेव्हापासून तुमचं शरीर परक्या प्रथिनाला शत्रू समजतं. सख्खं भावंड आहे का? त्याचं जुळू शकेल."

"नाय. मी एकटीच. व्हय ना गो आये?"

सगुणा, तिची म्हातारी आई, पदराचं टोक पिळत बसली होती.

गावातून बरेच जण येऊन रक्त तपासून गेले. कुणाचंच जमेना. मग रोह्याहून मावसभाऊ दामू आला, कंपनीतली शिफ्ट बुडवून. त्याचं जुळलं.

"मावसभावाचं? असं क्वचितच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्याचं रक्त काढायला त्याला आत घेऊन गेल्या.

चंद्रावतीच्या डोक्यात नुसता गुंता. ती आईकडे वळली. "दामू कोणाचा गो?"

"तुझ्या मावशीला पोर होत नव्हता," सगुणा खाली बघत म्हणाली. "पाचवी पुजायच्या आधीच तिच्या ओटीत घातला. एकदा घातला की आपला म्हणायचा नाय. तशी रीतच हाय."

"मी मरत होते तरी?"

"बोलले नाय. पण रोह्याला निरोप धाडला, चंद्री आजारी हाय म्हणून."

चंद्रावतीला भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. आईचा हात तिने झिडकारला, मग पुन्हा घट्ट धरला. इतकी वर्षं भाऊबीजेला मावसभाऊ म्हणून आपण नेमकं कुणाला ओवाळत होतो, तेच तिला कळेना.

तेवढ्यात दंडाला कापूस दाबत दामू बाहेर आला.

"मावशी, आणखी लागलं तर सांग. परत येईन."

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली.

"व्हय बाला," ती म्हणाली. "जा आता. तुझी आय वाट बघत असंल."