काकांचं कूल डाउन

आमच्या खरवईच्या सोसायटीत पाण्याचा व्हॉल्व्ह तळमजल्यावरचे काका सोडायचे. पाणी जेमतेम अर्धा तास, त्यामुळे भांडण रोजचंच. ते मिटवायला काका इंग्रजी शब्द वापरायचे, तेही आवाज बघून. नुसती कुरकुर असली तर ‘वन मिनिट’. एकमेकांचे आईबाप काढले की ‘रिलॅक्स’. कोणी बादली उगारली तर ‘कूल डाउन, कूल डाउन’, आणि दोन्ही तळवे असे खाली दाबायचे की जणू हवेत कणीक तिंबताहेत. ‘शांत व्हा’ म्हटलं की माणूस जास्त पेटतो, हा त्यांचा अनुभव.

मुलीचा दहावीचा निकाल बघायला ते कुळगावच्या सायबर कॅफेत आले, तेव्हा मी शेजारीच होतो. निकालाचं पान काही उघडेना. काका माऊस टेबलावर आपटायला लागले.

“काका, रिलॅक्स,” मी म्हणालो.

“मराठीत बोल रे!” ते ओरडले. “आत्ता इंग्रजी डोक्यात शिरत नाहीये!”

‘शांत व्हा’ म्हणायची तर सोय नव्हती. शेवटी मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, “बसा.”

ते मुकाट्याने बसले.

मुलगी पास झाली. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हपाशी पुन्हा बादली उगारली गेली.  काका घरात गेले आणि स्टूल घेऊन आले.