खडीचा वास

घरासमोर रस्त्यासाठी खडी फोडतात आणि त्या जळक्या दगडाच्या वासानं मी थेट बहात्तरच्या दुष्काळात, नगरच्या कॉलेजात जाऊन पडतो. इंग्रजीत मला इतके कमी गुण होते की ते बघायला भिंग लागावं. नापास झालं की फी माफी बंद, वसतिगृहही बंद.

दुष्काळी कामावरून धुळीनं माखून आलेले माझे वडील, आबा, प्राचार्यांना म्हणाले, "सायेब, दोन साल पीक जळालं, म्हनून आमी रान टाकलं न्हाई. ह्याला एवढ्यात टाकता व्हय?"

"नियम आहे," प्राचार्य म्हणाले.

माझी ट्रंक आबांनीच डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी नेवाशाजवळ खडीच्या ढिगाशी बसवून त्यांनी माझ्या हातात हातोडा दिला.

"फोड. हितं कुनाला नापास करत न्हाईत."

डोळ्यांतल्या पाण्यानं कोरड्या प्रवरेला पूर यावा, इतका मी हसलो. आबा हसले नव्हते.