पक्की हाडं

"बेटा, ज़रा उठक-बैठक मार के दिखा। सबको यक़ीन हो जाए।"

भैयाजी माईकवर बोलले. बीरगांवचं मैदान, स्पर्धेचं उद्घाटन. स्टेजवर सोफे, सोफ्यांवर पाहुणे, पाहुण्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. मी खाली मुरुमावर उभी. अंगात क्लबची जर्सी, उजव्या गुडघ्यावर ऑपरेशनचा व्रण. अजून गुलाबी होता तो.

शाळेत उठाबशा म्हणजे शिक्षा. उशीर झाला, गृहपाठ राहिला, की धर कान. इथे माझा गुन्हा एवढाच की माझा गुडघा तुटला होता. भैयाजींनी मुख्य पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी ठणठणीत होऊन परत आली. पाहुण्यांना ते खरं वाटलं नसावं. बैल विकत घेताना चालवून बघतात, तसं मला बघायचं होतं.

मी उठाबशा काढल्या. कान तेवढे धरले नाहीत. लोक मोजायला लागले. एक, दो, तीन. गुडघ्यात काहीतरी खरवडत होतं आणि मी हसत होते. दात दाखवून हसत होते. गर्दीत माझे बाबाही होते. तेही मोजत होते, मोठ्यानं. एवढ्या गलक्यात त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता.

भैयाजी पाहुण्यांकडे वळले. माईक चालूच होता.

"इन लोगों की हड्डी पक्की होती है।"

टाळ्या पडल्या. आणि मला बरं वाटलं. खरंच सांगते, छाती फुगली माझी.

भैयाजींचा उरला भागात लोखंडाचा कारखाना. मुलींचा फुटबॉल क्लब त्यांचाच. रायपुरात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही, सगळ्यांचे भैयाजी. आम्ही गुढियारीचे. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीला आले ते इथलेच झाले. बाबाही रेल्वेत, रुळांच्या गँगमध्ये. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळी आमचीच घरं. मधे विहार, विहारापुढे थोडी मोकळी जागा. तिथेच मी पोरांबरोबर बॉल खेळायला शिकले. विंगवरून पळायचे. माझ्यामागे लागलेल्या पोरी मागेच राहायच्या.

'इन लोगों' म्हणजे कोण, हे रायपुरात समजावून सांगावं लागत नाही.

ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते घोटा मोडला तेव्हा. हाड चिरलं होतं. क्लबच्या सरांनी पट्टी आवळून बांधली आणि मला पूर्ण सामना खेळवलं. आम्ही जिंकलो. भैयाजींनी पाठीवर हात ठेवला आणि तेच म्हणाले. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं शेजारणींना सांगितलं. पदक मिळाल्यासारखं ते वाक्य आमच्या दारोदार फिरलं.

त्याच मोसमात भैयाजींच्या भाचीचा पाय मुरगळला. ती आमची गोलकीपर. मुरगळला फक्त, सूज आली. तिला आधी काही दिवस घरी बसवलं. मुंबईच्या डॉक्टरला दाखवलं. आमचे सर आम्हाला दटावून सांगत, तिच्यावर जोरात बॉल मारू नका, अभी नाज़ुक है. पूर्ण मोसम गेला, सामन्यांत ती बाकावर बसून मोसंबी खायची. पोरगी वाईट नव्हती. उठाबशांच्या दिवशी स्टेजकडे जाताना ती माझ्या कानाला लागली आणि म्हणाली, "मना कर दे ना।" किती सहज म्हणाली. नाही म्हणणं जणू रस्त्यावर पडलेलं असतं, कोणीही वाकून उचलावं.

मी नाही म्हणू शकले नाही. गुडघ्याचं लिगामेंट तुटल्यावर सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वर्ष धरून चाल, त्याआधी सामना नाही. पण सर घरी येऊन बसायचे. चहा प्यायचे. भैयाजी विचारून राहिलेत म्हणायचे. मी मैदानात असले की आमचा अख्खा पारा बघायला येतो, आणि भैयाजींना गर्दी लागते. दुसरी विंगर बघावी लागेल, हेही सर जाता जाता दारात बोलून जायचे. मग मी पळायला लागले. वर्षाचं अर्धंही झालं नव्हतं.

उठाबशा काढल्या त्याच बीरगांवच्या स्पर्धेत गुडघा पुन्हा गेला. कोणी ढकललं नाही, कोणी लाथ घातली नाही. मी बॉल घेऊन वळले आणि पाय वळला नाही. आतून कडक आवाज आला. तो मला कळला, बाकी कोणाला कळला नाही. मी मुरुमावर पडून माती मुठीत धरली. स्टेजवरून माईकवर आवाज आला, उठ जा बेटा, शाबाश.

लिगामेंट परत तुटलं. आतली गादीही फाटली. दुसरं ऑपरेशन.

भैयाजी हॉस्पिटलात आले नाहीत. सर आले. भैयाजी काय म्हणाले ते त्यांनी हसत हसत सांगितलं. पक्की हड्डी वाली थी, कच्ची कैसे निकल गई. घर में खाती क्या है? आई तिथेच उभी होती, हातात डबा. तिनं डबा पदराखाली घेतला. तिच्या हातचं अन्न तिनं लपवलं, हे मी बघितलं. गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखलं आणि आजही दुखतं.

उठाबशा कोणी काढायला लावल्या, हे मात्र कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मला फिजिओ दीदी भेटली. सरकारी हॉस्पिटलातलीच, बालोदकडची. प्रत्येक गोष्टीला "हव", म्हणजे हो, म्हणणारी. पण सामन्याचं नाव काढलं की तिचं हव बंद व्हायचं. आधी पाय सरळ कर. मग चाल. मग सरळ रेषेत पळ. मग वळणावर पळ. मग बॉल. सगळ्यात शेवटी दुसऱ्या खेळाडूचा धक्का. मधली पायरी गाळायची नाही. आईनं बाबांची जुनी पॅन्ट फाडून रेतीच्या पिशव्या शिवल्या, त्या पायाला बांधून मी पाय उचलायची. दर काही दिवसांनी दीदी मला एका पायावर उडी मारायला लावायची, मग दुसऱ्या. उजव्या पायाची उडी डाव्याच्या बरोबरीनं पडत नाही तोवर मैदान नाही. ती बरोबरीनं पडत नव्हती. मी रडायची. ती थांबायची, आणि परत मारायला लावायची.

"मैदान में कब जाना है, ये मैं और तू देखेंगे। और कोई नहीं," ती एकदा म्हणाली. माझ्या अंगाबद्दल मलाही विचारायचं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कोणी सांगितलं.

आणि मग चौकात फ्लेक्स लागला. भैयाजींचा भला मोठा फोटो हात जोडलेला, खाली कोपऱ्यात मी, बॉल मारताना. 'शेरनी की वापसी'. पुढच्या रविवारी बीरगांवला नव्या मोसमाच्या स्पर्धेचं उद्घाटन. मला कोणी विचारलं नव्हतं. माझी वापसी मला चौकात वाचून कळली.

बाबा खूश होते. फ्लेक्सखाली उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला, कमरेचा पट्टा शर्टात नीट लपवून. त्यांच्या पाठीचा मणका सरकलेला आहे. घरी आल्यावर मी म्हटलं, मी जाणार नाही, दीदीनं अजून वळणावर पळायलाही सांगितलेलं नाही.

"काहून नाही जात? चौकात फोटो लागला आपला," बाबा म्हणाले.

आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "होऊन जाईन बरं. आपल्या लोकायची हाडं पक्की रायते."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तेच वाक्य. भैयाजींचं. माझ्या आईच्या तोंडात, आणि तेही मायेनं.

"आई, हे तुले कोनं सांगतलं?"

तिनं बाबांकडे बघितलं. बाबा हसून सांगायला लागले, अभिमानानं. गँगमधे रूळ उचलायचा असायचा तेव्हा साहेब म्हणे, "तुमची हाडं पक्की हायेत, तुमाले जॅक कायले पायजे?" साहेब आमच्यावर लय खूश राहत. आम्ही नुसत्या सब्बलीनं, पहारीनं...

बाबा मधेच थांबले. त्यांचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला होता. तो तिथेच राहिला. चुलीवर भात करपायला लागला तरी कोणी उठलं नाही.

जॅक स्टोअरमधे होता. माझ्या बापाची पाठ फुकट होती, म्हणून जॅक काढला नाही. माझा गुडघा फुकट होता, म्हणून उठाबशा. शाबासकी देऊन राबवून घेतात आणि आम्ही ती शाबासकी घरी आणून पोरांना भरवतो. मला भैयाजींचा राग आलाच. पण त्या घटकेला मला आमच्या सगळ्या घराचा राग आला, अडाणी अभिमानाचा राग आला, माझ्या फुगलेल्या छातीचा राग आला.

रविवारी मी गेले. जर्सी घातली नाही, साधा सलवार-कुर्ता घालून गेले. घरी बसले असते तर पोरगी घाबरली म्हणाले असते.

तेच मैदान, तेच सोफे. भाची गोलकीपरच्या हातमोज्यांत, तिचा पाय केव्हाच बरा झालेला. भैयाजींनी माझ्या कपड्यांकडे बघितलं, क्षणभर थांबले, पण माईक हातात होता. आमची शेरनी वगैरे बोलून झालं. मग हात पुढे करून म्हणाले, "चल बेटा, दिखा दे।"

लोकांनी टाळ्या सुरूही केल्या होत्या.

"घुटना तैयार नहीं है, भैयाजी। नहीं करूँगी।"

ते हसले. पाहुण्यांकडे वळले. तेच म्हणणार होते, मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. म्हणालेच. "अरे, इन लोगों की हड्डी..."

"तो अपनी भांजी से करवाइए," मी म्हटलं. "हड्डी उसकी भी वही है।"

माईक नव्हता माझ्याकडे. लागला नाही. भाचीनं मान खाली घातली. भैयाजींचं हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त डोळे बदलले. सर धावत आले आणि माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला आणि चालत बाहेर आले. हळू चालले. पळायची मला अजून परवानगी नव्हती.

बाबा गर्दीत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. माझ्यासाठी उठूनही उभे राहिले नाहीत. जाऊ दे, एवढं त्यांना कोणी शिकवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर माझ्या तोंडाच्या जागी दुसऱ्या मुलीचा फोटो चिकटवलेला होता. ती बीरगांवची, कारखान्यातल्या हमालाची पोर. खाली माझे पाय तसेच होते. क्लबनं माझं नाव काढलं. रायपुरातले बाकीचे क्लबही आता फोन उचलत नाहीत, भैयाजींचे हात लांब आहेत. पाऱ्यातले लोक म्हणतात, पोट्टीनं हातचं घालवलं.

मी त्या मुलीच्या घरी जाऊन आले. तिला बसवून सांगितलं, माईकवरून शाबासकी आली की आधी स्वतःचा गुडघा बघ. तिला पटलं की नाही माहीत नाही. मी परत जाणार आहे. पटेपर्यंत जाणार आहे.

उजव्या पायाची उडी अजून आखूड पडते. दीदी म्हणते, होईल, पण पूर्वीसारखी विंग पळशील याचा शब्द देत नाही. कदाचित मी पुन्हा सामना खेळणारच नाही. खेळले तर दीदीनं आणि मी ठरवलेल्या दिवशी खेळेन. भैयाजींच्या नाही, बाबांच्या नाही, चौकातल्या फ्लेक्सच्याही नाही.

परवा शेजारीण बाबांच्या पाठीचं विचारायला आली. आई सवयीनं बोलायला लागली, "आपल्या लोकायची हाडं..." मी तिला थांबवलं. या घरात हे वाक्य पुन्हा निघणार नाही. मी निघू देणार नाही.

आमची हाडं पक्की नाहीत. मोडतात. सगळ्यांची मोडतात तशीच मोडतात, आणि दुखतात. ज्याला हे मान्य नाही त्यानं स्टेजवरून खाली यावं आणि माझ्यासमोर उठाबशा काढाव्यात. मी मोजते.