चार नकला, एक पेटी

वसमतच्या तहसीलीसमोर लिंबाखाली एक टायपिस्ट बसायचा. कागदांमध्ये कार्बन सरकवताना तो असा गंभीर व्हायचा, की सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे हाच उघडतोय असं वाटावं. त्याने माझ्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्राच्या चार नकला काढल्या, आणि "घरी न्याल तर हरवाल," म्हणून स्वतःच्या पेटीत ठेवून घेतल्या.

पुढे आईने सदऱ्यासकट अस्सल प्रमाणपत्र धुतलं. दुसऱ्या दिवशी मास्तरकीची मुलाखत. मी निर्धास्तपणे त्याच्याकडे गेलो. त्याने पेटी उघडली, तर वाळवीची आख्खी जत्रा भरलेली.

"चारी एकाच पेटीत काहून ठेवल्या?"

"चार जागी ठेवल्या तर हुडकायची तकलीफ कोणाला?" मग त्याने नकला उन्हात धरल्या. "पण काम बघा, मास्तर. भोकं बी चारीत बराबर एकाच जागी."

नाव, शाळा, जन्मतारीख वाळवीने फस्त केली होती. गणिताचे छत्तीस गुण तेवढे तिला पचले नव्हते.

"घाबरू नका," तो नवा कार्बन लावत म्हणाला, "ह्याच्या आठ काढून देतो."

मास्तरकी मिळाली नाही. पण मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती माझे छत्तीस गुण स्वतंत्र पोचले.