सगळं धरून पाच दिवस

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्या वर्षी मुलीनं आम्हाला श्रीलंकेला पाठवलं. ती पुण्यात नोकरी करते. फोनवर म्हणाली, "आई, समुद्राकाठचं रिसॉर्ट आहे. राहणं, खाणं, पिणं, सगळं धरून. तुम्ही फक्त जायचं आणि पडून राहायचं." तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत शिकवलेलं. पडून राहणं मला कधी जमलंच नाही. पण पोरीचा उत्साह मोडवेना. औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन ह्यांच्यासाठी दोन अर्ध्या चड्ड्या आणि एक कापडी टोपी घेतली. दुकानदारानं चड्ड्या काउंटरवर पसरल्या, तेव्हा हे लाजून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

असा हा माणूस. खुलताबादच्या डोंगराखाली एका वस्तीवर, मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेला. लग्नाकार्यात वाढपी दुसऱ्यांदा आला की पत्रावळीवर आडवा हात धरणारा. ताटातलं शितन् शीत वेचून खाणारा. मुलगी लहानपणी भाजी टाकायची, तेव्हा हे तिला रागवायचे नाहीत. तिचं ताट ओढून मुकाट्यानं संपवायचे. पस्तीस वर्षं मी ह्यांच्यासमोर बसून जेवले आणि मला त्यांची एकदाही शिसारी आली नव्हती.

रिसॉर्टचे फोटो मुलीनं पाठवले होते. निळं पाणी, पांढरी वाळू. आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती आणि पहिल्यांदा आला तो वास. ओलं फडकं मोरीत चार दिवस विसरावं, तसा. काउंटरवरच्या मुलीनं हसत हसत आमच्या मनगटात प्लॅस्टिकचे निळे पट्टे अडकवले आणि सांगितलं, की जाईपर्यंत हे काढायचे नाहीत. पट्टा हातात असला की काहीही मागा, कितीही मागा.

खोलीत गेल्यावर मी आधी चादर उचलून बघितली. गादीवर कुणाच्या तरी घामाचा पिवळा नकाशा होता. न्हाणीघरातल्या साबणाला एक लांब तांबडा केस चिकटलेला. भिंतीला बुरशी, आणि ती लपवायला तिच्यावर माडाच्या झाडाचं चित्र टांगलेलं. मी चित्र जरा सरकवलं आणि लगेच परत जागेवर केलं. हे मात्र शॉवर सोडून उभे होते. आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही तास-दीड तास. त्यामुळं म्हटलं, न्हाऊ देत. अर्ध्या तासानंही पाणी चालूच होतं. दार वाजवलं तर आतून आवाज आला, "अगं, लई धार हाय! संपतच नाय!"

संध्याकाळी समुद्रावर गेलो. वाळू होती, पण पांढरी नव्हती. रिसॉर्टच्या कुंपणाच्या टोकाला एक सिमेंटचा पाइप होता आणि त्यातून राखाडी पाणी थेट समुद्रात पडत होतं. त्या पाण्यापासून पन्नास पावलांवर गोरी माणसं गळ्यापर्यंत बुडून हसत होती. मी पायसुद्धा ओले केले नाहीत. पोहण्याच्या तलावाचं तर नावच नको. पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात कुणाच्या तरी जखमेवरची निघालेली पट्टी तरंगत होती.

पण खरी घाण जेवणघरात होती. लांबच लांब टेबलं, त्यांवर झाकणांची मोठी भांडी. तीन तऱ्हांचा भात, तळलेले मासे, पनीर, कोंबडी, केक, थरथरणारी लाल जेली. तलावातून तसेच उठून आलेले लोक ओल्या चड्ड्यांनिशी गादीच्या खुर्च्यांवर बसत. डावांच्या दांड्या चिकट. एका बाईचं पोर कस्टर्डमध्ये बोट घालून चाखत होतं आणि बाई कौतुकानं बघत होती. प्रत्येकाच्या ताटात डोंगर आणि उठताना निम्मा डोंगर तसाच. मी वरण-भात आणि केळं घेतलं. पहिल्या दिवशी ह्यांनीही तेवढंच घेतलं. पण खाताना ह्यांची नजर माझ्या ताटावर नव्हती, स्वतःच्याही नव्हती. ते आजूबाजूच्या ताटांकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी तीन ताटं आणली. एकात सहा पाव, एकात अंडी आणि मासे, एकात तीन रंगांचे केक.

"अहो, एवढं कोण खाणार?"

"बघू. खाल्लं तर खाल्लं."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर ऱ्हाईलं. सगळे टाकत्यात, त्यांना कुणी इचारतं का?"

प्रत्येक केकचा एकेक घास खाऊन ह्यांनी ताट सरकवून दिलं. मला वाटलं, एक दिवसाची हौस आहे, होऊ दे. पण दुपारी तेच, रात्री तेच. बिअर आयुष्यात कधी घेतली नव्हती, ती घेतली. आवडली नाही, तरी दुसरी मागवली. खिशात पाव कोंबून खोलीत आणले. त्यांना मुंग्या लागल्या, तर मुंग्यांसकट टोपलीत फेकले. बोलणंसुद्धा बदललं. आमच्या टेबलाला एक वाढपी होता, ह्यांच्याच वयाचा, डोकं पांढरं, गुडघ्यात जरा वाकून चालणारा. हिंदी थोडंफार समजायचं त्याला. हे त्याला चुटकी वाजवून बोलवायला लागले. "ए, इधर आ." खात्यात असताना शिपायालासुद्धा 'दादा' म्हणणारा माणूस हा!

मी त्या वाढप्याला एकदा विचारलं, की उरलेलं तुम्ही लोक खाता का? तो हसला आणि मान हलवली. नियम नाही, म्हणाला. त्यांचा भात वेगळा शिजतो. उरलेलं मागच्या पिंपात. मी मुद्दाम मागं जाऊन बघितलं. माणूस आत बसेल एवढी चार निळी पिंपं होती, काठोकाठ भरलेली. मासे, केक, भात, जेली सगळं एकत्र आंबून वर फेस आला होता. कावळे त्यात चोच बुडवून डोकी झटकत होते. मी तशीच परत फिरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी तळलेला मासा मागवला. आला, तर म्हणाले गार आहे. तो गार नव्हता, माझ्यासमोर वाफ निघत होती. वाढप्यानं मुकाट्यानं नेला, दुसरा आणला. ह्यांनी त्याचे दोन घास खाल्ले. मग समोरची पाण्याची बाटली उचलली आणि त्या भरल्या ताटात हात धुतले.

आमच्याकडं जेवण झाल्यावर ताटात हात धुतात, त्यात काही नवल नाही. पण ते चाटूनपुसून लख्ख केलेल्या ताटात. इथं भात होता, पनीर होतं, जवळजवळ अख्खा मासा होता, केक होता. बोटांवरचं तेल त्यांवरून ओघळलं, भात पाण्यात फुगला, केक विरघळून त्याचा गुलाबी चिखल झाला, आणि ते पाणी काठावरून टेबलावर आलं. ह्यांनी खळखळून चूळ भरली, तीही त्यातच टाकली. वाढपी पुसायचं फडकं घेऊन बाजूला उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी उठले आणि बाहेर गेले.

संध्याकाळी खोलीवर आले तेव्हा हे न्हाणीघराच्या दारात बसले होते. उलट्या चालू होत्या. फरशीवर, चादरीवर, नव्या चड्डीवर. दोन दिवसांत जे जे आत गेलं होतं ते सगळं ओळखू येत होतं. मी नाकाला पदर लावून पुसलं. साफसफाईच्या बाईनं बादली आणून दिली, पण दुसऱ्याच्या हातून ते काढून घ्यायची मला लाज वाटली. ह्यांना साखर-मिठाचं पाणी पाजलं, डोक्याखाली उशी दिली. बऱ्याच वेळानं हे भिंतीकडं तोंड करून बोलायला लागले.

"पाटलाच्या वाड्यावर लगीन असलं की आमी पोरं लिंबाखाली बसायचो. लांब. सगळ्या पंगती उठायच्या, मग आमची. एकदा लई वेळ बसलो. वाढपी आला आन् म्हणला, गोड संपलं, आता नुसता भात हाय, बसायचं तर बसा. माझा बा म्हणला, बसा."

मी साखर-मिठाच्या पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"हितं कुणी इचारलं नाय, कुणाचा तू म्हणून. हातातला पट्टा बघत्यात, वाढत्यात."

पस्तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता. हात उचललाही. पण खोलीत तो आंबट वास होता आणि डोळ्यांसमोर तो गुलाबी चिखल. हात परत खाली आला. मी विचारलं, "मग त्या वाढप्याला 'ए' कशाला म्हणालात?"



चौथ्या दिवशी पोट थाऱ्यावर आलं. हे जेवणघरात आले, थोडा दहीभात घेतला, सगळा संपवला. मग स्वतःचं ताट उचलून आतल्या दाराकडं निघाले. पांढऱ्या डोक्याचा वाढपी धावत आला. "नो सर, नो सर," म्हणत ताट ओढायला लागला. हे सोडेनात.

"राहू द्या भाऊ, मी ठेवतो. मी ठेवतो."

काचेचं ताट दोघांच्या हातातून निसटून खाली फुटलं. काळ्या कोटातला मॅनेजर आला. पाहुण्याच्या हातात ताट गेलंच कसं म्हणून त्यानं वाढप्याला सगळ्यांसमोर झापायला सुरुवात केली. भाषा आम्हाला कळत नव्हती, पण ते बोलणं कळायला भाषा लागत नाही. हे मध्ये पडले, मोडक्या इंग्रजीत सांगायला लागले, की चूक माझी, माझी. मॅनेजर त्यांच्याकडं वळून गोड हसला, म्हणाला, तुम्ही काळजी करू नका सर, आणि परत वळून झापायला लागला. शेवटी त्या म्हाताऱ्या माणसानं आम्हा दोघांना हात जोडले. माफी मागितली त्यानं, आमची. मग खाली वाकून, गुडघा धरत धरत काचा वेचल्या.

पाचव्या दिवशी आमच्या टेबलाला दुसराच वाढपी होता. आधीचा कुठं आहे, असं ह्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "यस सर, एनी ड्रिंक, सर?"

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. हे समोर पेपर उघडून बसले होते.

"आई, मजा आली ना? फोटो का नाही टाकले?"

"हो, आली की," मी म्हणाले.

पेपरामागून आवाज आला, "नाय आली."

मुलीनं दुखावलेल्या आवाजात विचारलं, "का? काय झालं, बाबा?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या आईला माझी किळस आली."

मी 'नाही गं, काहीतरीच काय' असं म्हणावं म्हणून दोघंही थांबले. ह्यांच्या बोटांनी पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. पलीकडं पोरीला काय समजलं कोण जाणे. जरा वेळानं तिनंच हळू आवाजात विचारलं, "जेवण वाईट होतं का?"

"नाय," हे म्हणाले. "जेवण चांगलं व्हतं."